जिभेचा शब्द

"पण त्याचा नेमका अर्थ काय, सर?"

परकार सरांनी झाडू थांबवला नाही. दर्ग्याच्या अंगणात करंजाची पानं पडली होती. ती एका कडेला लोटत ते म्हणाले,

"कशाचा?"

"ग्लिब."

सर झाडत राहिले.

"डिक्शनरी बघितली असशील."

"बघितली. एक सोडून चार बघितल्या."

"मग?"

"अर्थ कळला, सर. पण…"

"पण काय?"

"तो मला का लागू व्हावा, ते कळलं नाही."

तेव्हा सरांनी झाडू भिंतीला टेकवला आणि वर बघितलं.

समोर दिनकर आंजर्लेकर उभा होता. पांढराशुभ्र झब्बा, टेकडी चढून आल्यामुळे लागलेली धाप, कपाळावर घाम. हे नाव कोकणात आणि घाटावर बऱ्याच लोकांना ठाऊक होतं. कॉलेजातली मराठीची नोकरी त्याने मुदतीआधीच सोडली होती आणि गेली कित्येक वर्षं तो व्याख्यानं देत गावोगाव हिंडत होता. 'सहजीवनाचा सुगंध' हा त्याचा हातखंडा विषय. कुठल्याशा संस्थेने त्याला 'वाणीभूषण' ही पदवी दिली होती आणि पत्रिकांवर ती त्याच्या नावाआधी छापली जाई. तो बोलायला लागला की सभागृहातल्या पंख्यांची घरघरसुद्धा लोकांना नकोशी होई.

ही जीभ घडवली होती परकार सरांनीच.

सावखारच्या हायस्कुलात सर इंग्रजी शिकवायचे आणि वक्तृत्व स्पर्धेला मुलं तयार करायचे. खाडी ओलांडायच्या तरीवर होडी चालवणाऱ्या आंजर्लेकराचा दिनू तेव्हा बुजरा होता. चार माणसांत तोंड उघडत नसे. सरांनी त्याला जेट्टीच्या टोकाला उभं केलं आणि स्वतः किनाऱ्यावर जाऊन बसले. मध्ये सगळा वारा. "मला ऐकू येईपर्यंत बोल," एवढंच सांगितलं. पावसाळा संपल्यापासून परीक्षा जवळ येईपर्यंत रोज संध्याकाळी हे चाललं. त्या वर्षी दिनूने जिल्ह्याची ढाल आणली आणि पुढे आयुष्यभर आणतच राहिला.

निवृत्त झाल्यावर सर खाडीच्या मुखाशी असलेल्या या टेकडीवर आले. बायको फार पूर्वीच वारली होती. मुलगा मस्कतला होता. दर्ग्याशेजारच्या खोलीत एक खाट, पाण्याचा माठ आणि पुस्तकांची पेटी, एवढाच त्यांचा संसार. हळूहळू त्यांचं बोलणं कमी होत गेलं. गावातले लोक त्यांना फकीर मास्तर म्हणू लागले. कुणी काही विचारायला वर आलंच तर ते एखादं वाक्य बोलत. कधी तेही बोलत नसत.

दिनकर एरवी दर वर्षी यायचा. शाल आणायचा, मिठाईचा पुडा आणायचा, आपल्या सत्कारांच्या गोष्टी सांगायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको शालन गेली आणि तेव्हापासून तो फिरकला नव्हता.

आज आला होता, तो रिकाम्या हाताने.

"कोण म्हणालं तुला?" सरांनी विचारलं.

"ऋजुता."

"तुझी मुलगी?"

"हो."

सर पायरीवर बसले. बाजूच्या जागेवरची पानं त्यांनी हातानेच झटकली. दिनकर तिथे बसला.

खाली ओहोटी होती. चिखलात होड्या कलंडून पडल्या होत्या आणि पाणी दूरवर एक रेघ होऊन राहिलं होतं.

"शॅलो म्हणाली असती तर मी सोसलं असतं," दिनकर म्हणाला. "उथळ. आपल्याकडे शब्द आहे त्याला. सुपरफिशियल म्हणाली असती, म्हणजे वरवरचा, तरी समजलं असतं. मी ते सगळे शब्द काढून बघितले, सर. व्हीनियर. फसाड. स्किन-डीप. टिन्सेल. इंग्रजांनी वरवरच्या गोष्टींसाठी केवढे शब्द करून ठेवलेत. शिवी द्यायचीच होती, तर त्यातला एखादा…"

"शॅलो पाण्याला म्हणतात," सर म्हणाले.

"हो."

"व्हीनियर लाकडाला. फसाड इमारतीला."

"माहीत आहे, सर. स्किन-डीप कातडीला."

"आणि ग्लिब?"

दिनकरने झब्ब्याच्या बाहीने कपाळ पुसलं.

"जिभेला," सर म्हणाले.

खाली जेट्टीवर कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. उत्तर आलं नाही.

"मराठीत नेमका शब्दच नाही त्याला," दिनकर थोड्या वेळाने म्हणाला. त्याच्या आवाजात आता व्याख्यानातली लय आली होती. "मी पुष्कळ शोधला. वाचाळ नाही, वाचाळ फार बोलतो. तोंडाळ नाही, त्यात भांडण आहे. गोडबोल्या नाही, त्यात लबाडी आहे. आणि सर, मी लबाड नाही. मी जे बोलतो ते मनापासून बोलतो. या शब्दाची छटाच वेगळी आहे, सफाईने बोलतो पण आत काही नाही, अशी. मला वाटतं, आपल्या संस्कृतीने वाणीला इतकं पवित्र मानलं की असा शब्द घडवायची गरजच…"

"निसरडं."

"काय, सर?"

"जुन्या इंग्रजीत हा शब्द निसरड्या वस्तूला वापरत. गुळगुळीत, बुळबुळीत. ज्यावर काही ठरत नाही असं."

दिनकरचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"आणि खोल असेल त्याला?" त्याने विचारलं. आता आवाज साधा होता. "त्याला किती शब्द आहेत इंग्रजीत?"

"थोडे."

"असं का?"

 सर दूरच्या पाण्याच्या रेघेकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "काय झालं होतं?"

घडलं होतं ते असं.

ऋजुता पुण्याला एका कंपनीत नोकरीला होती. आई गेल्यापासून ती बापाच्या एकाही व्याख्यानाला गेली नव्हती. त्या दिवशी मात्र व्याख्यान पुण्यातच होतं आणि दिनकरने फार आग्रह केला होता. ती आली. पहिल्या रांगेत तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती, पण ती मागे कुठेतरी बसली.

दिनकर नेहमीसारखा बोलला. शेवटी नेहमीसारखाच शालनच्या जाण्यावर आला. आवाज खाली आणला. तिचे अखेरचे क्षण… तिने पाणी मागितलं… आपण चमचा तिच्या ओठांशी नेला… आणि ती म्हणाली, "आधी तुम्ही घ्या. बोलून बोलून घसा सुकला असेल तुमचा."

सभागृहात हुंदके ऐकू आले. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी उठलं आणि मधल्या वाटेने बाहेर गेलं.

ती ऋजुता होती.

ती त्याला बाहेर भेटली, दुचाक्या लावल्या होत्या तिथे. लोक त्याच्याभोवती जमले होते, फोटो काढत होते. ते सगळे जाईपर्यंत ती हेल्मेट हातात धरून थांबली. मग जवळ आली.

"बाबा, आई असं म्हणाली नव्हती."

"भावार्थ तोच होता गं."

"भावार्थ नको मला. ती काय म्हणाली होती, आठवतंय का तुला?"

त्यावर दिनकर पटकन म्हणून गेला, "शब्द जातात, बाळ. सुगंध उरतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हरवलेली वस्तू शोधून शोधून माणूस शेवटी थांबतं, तसा तो चेहरा होता.

"यू आर सो ग्लिब, बाबा," ती म्हणाली. हेल्मेट घातलं आणि निघून गेली.

त्यानंतर तिने त्याचा फोन उचलला नव्हता.

हे सगळं दिनकरने खाली बघत सांगितलं. पण सांगणं नेटकं झालं. कुठे थांबायचं तिथे थांबलं, कुठे चढायचं तिथे चढलं. ते त्याचं त्यालाही कळलं आणि तो शरमला.

सर उठून खोलीत गेले. माठातलं पाणी घेऊन आले. दिनकर प्यायला. रिकामा पेला घेऊन पायरीवर ठेवत सर म्हणाले,

"शालनबद्दल काही सांग."

"काय सांगू?"

"काहीही."

दिनकरला हायसं वाटलं. हे त्याला येत होतं. सांगताना त्याला ती जवळ आल्यासारखी वाटे, आणि ती जवळ यावी म्हणून तर तो जीव टाकत होता. घरात आता तिचा आवाज नव्हता. सकाळी उठल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात उगाच उभा राही. मिक्सर, ओटा, खिडकीतली तुळस, सगळं होतं. संध्याकाळी व्यासपीठावर गेला की मात्र ती यायची.

"लग्न झालं तेव्हा आम्ही चिपळूणला एका खोलीत राहत होतो," त्याने सुरुवात केली. "घरात कप एकच…"

"ऐकलंय," सर म्हणाले.

"अं?"

"'कप अर्धा होता, पण संसार काठोकाठ भरला होता.' इथे टाळ्या पडतात."

दिनकरने आश्चर्याने त्यांच्याकडे बघितलं.

"खाली टपरीवाला रोज सकाळी मोबाइलवर तुझं भाषण लावतो," सर म्हणाले. "मी चहाला जातो. सगळी ऐकलीत. दुसरं सांग."

"तिने दारात अबोली लावली होती. ती म्हणायची…"

"'मी बोलत नाही, माझ्या वतीने ही बोलेल.'"

"हो…" दिनकर म्हणाला. मग त्याने दवाखान्यातली एक गोष्ट आठवली, घड्याळाची. तोंड उघडलं आणि सरांच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. तीही झाली होती. नागपूरला झाली होती, साताऱ्याला झाली होती. त्या गोष्टीला तर लोक उभे राहिले होते.

"दुसरं," सर म्हणाले.

तो शोधू लागला.

ऋजुताच्या जन्माची गोष्ट. ती 'मातृत्व' या भागात होती. शालनच्या हातची सांदणं. तो विनोद होता, मध्यंतराआधी. पुरात अडकलेली रात्र. तिची शिवणाची कात्री. तिचा अबोला, तिची समजूत, गणपतीत तिने एकटीने रंगवलेली भिंत… जिथे हात घालावा तिथे एक तयार वाक्य हाताला लागत होतं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी लोक होते. त्यांचे चेहरे होते. ती नव्हती.

त्याने पायरीवरचा रिकामा पेला उचलला आणि परत ठेवला.

"सर…" तो म्हणाला.

सरांनी त्याच्याकडे मान वळवली.

"सर, सगळं सांगून झालंय."

वारा पडला होता. करंजाची पानं हलत नव्हती.

"शालन माझ्या वर्गात होती," सर म्हणाले. "तुझ्यामागे दोन वर्षं. माहीत आहे ना तुला?"

"हो, सर."

"शेवटच्या बाकावर बसायची. उत्तर यायचं तिला, पण इतक्या हळू बोलायची की ऐकू येत नसे. मी म्हणायचो, मोठ्याने बोल. तिला जमायचं नाही."

ते थांबले.

"मग तिचं उत्तर ऐकायला मी तिच्या बाकापर्यंत चालत जायचो."

दिनकरने मान खाली घातली. त्या वर्गाच्या फरशीवरून सर चालत जाताहेत आणि बाकावरची मुलगी ओठ हलवतेय, हे त्याला दिसलं. ती काय म्हणतेय ते मात्र ऐकू आलं नाही. इतकी वर्षं तिच्यासोबत राहून तिचा आवाज आपल्याला नीट आठवत नाही, हे त्याला तिथे, त्या पायरीवर, पहिल्यांदा कळलं. आठवत होता तो आपल्याच तोंडून निघालेला तिचा आवाज. मऊ केलेला, जरासा थरथरता, माईकमधून येणारा.

"ती काय म्हणाली होती, सर?" त्याने विचारलं.

"कोण?"

"शालन. शेवटी. ते पाण्याचं… ते मीच… पहिल्यांदा कोल्हापूरला बोललो. तसं ठरवलं नव्हतं. बोलता बोलता तोंडातून आलं. लोक रडले. मग पुढच्या वेळी पुन्हा आलं. आता दुसरं काही आठवतच नाही. रात्री पडल्या पडल्या आठवायला जातो, तरी तेच येतं. घसा सुकला असेल तुमचा. तेच. ती खरंच काहीतरी म्हणाली होती. मी होतो तिथे. मी होतो, सर. मी…"

पुढे शब्द आला नाही.

सरांनी त्याला शब्द दिला नाही. पूर्वी जेट्टीवर तो अडला की ते लांबून हात हलवायचे, पुढची ओळ आठवून द्यायचे. आता ते नुसते बसून राहिले.



दिनकरला एकाएकी वाटलं की आपण या माणसाच्या तोंडून त्याच्या बायकोबद्दल कधीच काही ऐकलं नाही. सर विधुर झाले तेव्हा तो नववीत होता. दुसऱ्या आठवड्यात सर वर्गावर आले आणि त्यांनी पुढचा धडा घेतला. त्या बाईचं नावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा त्याला वाटलं होतं, सरांना फारसं काही वाटलं नसावं.

"आणखी कोणाला माहीत आहे?" सरांनी विचारलं.

"काय?"

"शालन काय म्हणाली ते."

"ऋजुताला. ती उशाशी बसली होती."

सर उठले. अस्रच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजची वेळ झाली होती. कोपऱ्यातल्या हौदापाशी जाऊन त्यांनी हातपाय धुतले, तोंड धुतलं आणि दिनकरकडे न बघता ते आत गेले.

दिनकर एकटा राहिला.

त्याने खिशातून फोन काढला. ऋजुताचा नंबर लावला. वाजत राहिला. तिने उचलला नाही. तो पुन्हा लावणार होता, पण थांबला आणि मेसेज लिहायला घेतला.

'माझ्या लाडक्या लेकी, तुझ्या त्या एका शब्दाने मला आरसा दाखवला…'

त्याने ते वाचलं. पुसून टाकलं.

'बाळ, आयुष्याच्या या वळणावर…'

तेही पुसलं.

बोटं आपोआप चालत होती. एक पुसावं तर दुसरं तयार. वाक्यं त्याला कधी शोधावी लागलीच नव्हती, ती दारात रांग लावून उभी असत. त्याने फोन मांडीवर पालथा ठेवला आणि डोळे मिटून बसला. आतून अगदी हलका आवाज येत होता, सरांचा, पुटपुटल्यासारखा. कुणालाही ऐकवायला नसलेला.

बऱ्याच वेळाने त्याने फोन उचलला आणि लिहिलं,

'आई शेवटी काय म्हणाली होती? मला आठवत नाही.'

पुढे काही जोडायचा मोह झाला. जोडलं नाही. पाठवून दिलं.

तिने वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

भरती सुरू झाली होती. पाणी चिखलाच्या ओघळींतून हळूहळू आत सरकत होतं. एक होडी थोडी हलली. दिनकर तिच्याकडे बघत राहिला. त्याला आपल्या खोलीतला तो पलंग आठवला, निळी चादर आठवली, औषधांचा वास आठवला. तिचा चेहरा खिडकीकडे होता की दाराकडे? ते आठवेना. त्याला ती हवी होती. भाषणातली नको, काही सुचवणारी नको, समजूतदार नको. नुसती हवी होती. कुरकुरणारी, घाम पुसणारी, त्याचं ऐकता ऐकता भाजी निवडणारी. ती इतकी हवीशी झाली की त्याला बसवेना. त्याने पायरीलगतच्या खांबाला धरलं.

फोन वाजला.

"बाबा."

"हं."

पलीकडे ऑफिसातले आवाज होते. मग दार लागल्याचा आवाज आला आणि शांतता झाली.

"खरंच आठवत नाही तुला?"

"नाही."

"खरंच?"

"नाही गं."

ती थोडा वेळ बोलली नाही. दिनकरही बोलला नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं आणि या वेळी त्याने तसं काही शोधलंही नाही.

मग ऋजुताने सांगितलं.

थोडेच शब्द होते. त्यात पाणी नव्हतं, घसा नव्हता. ऋजुता ते हळू आवाजात म्हणाली, आईसारखंच, आणि त्याला फोन कानाशी घट्ट दाबून धरावा लागला.

आणि ती खोली परत आली.

सगळी आली. शालनचा चेहरा दाराकडे होता. दारात तोच उभा होता. त्याच्या कानाला फोन होता, कुठल्या तरी व्याख्यानमालेचे लोक तारीख विचारत होते. शालनने ओठ हलवले. तो पलंगापाशी गेला नाही. त्याने बोट वर करून तिला खूण केली होती… एक मिनिट.

ती थांबली होती. मग तिने ऋजुताकडे बघून ते म्हटलं होतं. त्याच्यासाठीचं, पण ऋजुताकडे बघून.

"बाबा, आहेस ना?"

"आहे."

"रडतोयस?"

त्याला उत्तर देता आलं नाही. तोंडातून जे निघालं ते शब्द नव्हते. कुणी ऐकलं असतं तर तो आवाज वाणीभूषणाचा आहे, असं त्याला वाटलं नसतं. ऋजुताने फोन ठेवला नाही. तिचंही नाक ओढल्याचा आवाज आला.

"शनिवारी येऊ का मी?" ती म्हणाली.

"ये."

"काही आणू?"

"नको. ये नुसती."

फोन बंद झाला. दिनकर तसाच खांबाला टेकून बसून राहिला. खाली होड्या एकेक करून सरळ होत होत्या.

सर बाहेर आले. त्यांनी दिनकरकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. ते त्याच्या शेजारी बसले. ऊन उतरून अंगणाच्या कडेपर्यंत आलं होतं.

दिनकरच्या आत ते थोडेसे शब्द भरून राहिले होते. दोन वर्षांनी मिळालेले. शालनचे, तिच्याच आवाजातले. ते सरांना सांगावेत असं त्याला फार वाटलं. सरांनी तिला मागच्या बाकावर बसलेली बघितलं होतं. तिचं ऐकायला ते वर्गभर चालत गेले होते. त्यांच्याइतका ते ऐकायचा हक्क कुणाचा होता?

सरांनाही ऐकायचं असावं. त्यांचे म्हातारे डोळे दिनकरच्या ओठांवर होते आणि ते पाणावले होते.

"सर," दिनकर म्हणाला. आवाज आपोआप खाली आला, किंचित थरथरला. "ती म्हणाली होती…"

परकार सरांनी हात पुढे केला आणि त्याच्या तोंडावर ठेवला. हाताला मातीचा आणि पानांचा वास होता.

"मला नको सांगूस," ते म्हणाले.